गुरुवार, धंतोली

दुसऱ्या मजल्यावर आठ खुर्च्या, गोल.
सात आम्ही, आठव्या डॉक्टरीणबाई.
कूलरच्या वाळ्याचा ओला वास.
बाई फारसं बोलत नाहीत.

मी बोलायला लागले
की गायधने काका घड्याळ बघतात.
पाच गुरुवार मी वाक्य गिळलं.
सहाव्या गुरुवारी ओरडलेच,
"माझं ऐकायला कधी वेळ होता तुम्हाला?"

कूलर तेवढा बोलत राहिला.
मग तेजस्विनी, आमच्यात सगळ्यात लहान,
"काहून वो ताई, हे तुम्ही कोणाले म्हणता?"

काकांनी घड्याळ काढून तळहातावर ठेवलं.
साडेसातला प्रमिलेची गोळी असते, म्हणाले.
असायची.
दोन वर्षं झाली आता.

मला अण्णा दिसले. बातम्यांवर डोळे,
वरणभाताचा हात,
ताटाशेजारी माझी गुणपत्रिका,
तिच्या कोपऱ्याला वरणाचा डाग.

त्या डागाबद्दल मी कधीच कोणाशी
बोलले नव्हते. अण्णांशीही नाही.

बाई एवढंच म्हणाल्या,
"आज खोलीत खुर्च्यांपेक्षा माणसं जास्त आहेत."

पुढच्या गुरुवारी, साडेसातला,
काकांनी मनगटाकडे पाहिलंच.
मी थांबले नाही.
वाक्य पुरं केलं,
जरा घाईत.