चपटीतली रेघ

दारूखाना म्हणजे दारूगोळ्याचं कोठार,
हे मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो.
रे रोडला, जहाजं तोडतात त्या गल्लीत
माझं गॅरेज. पत्ता ऐकून लोक हसतात.
माझ्या बायकोला मात्र
कधीच हसू आलं नाही त्याचं.

सोमवारी नसरीन मुजावरची शाळेची व्हॅन आली,
दोन हजार नऊची,
आत अकरा दप्तरांचे अकरा हूक.
"हरूभाऊ, पुलावर चढताना ही उचक्या देते.
पोरं मोजतात. आज सतरा.
म्हणतात, कुणीतरी आठवण काढतंय गाडीची."

मी नळी काढली. रबर फुगून मऊ,
रात्रभर भिजत घातलेल्या वालासारखं,
चिमटीत धरलं तर साल निघेल असं.
पंपाच्या जाळीत तपकिरी गाळ.
आणि तो वास.

पेट्रोलच्या वासाखाली आता दुसरा एक वास असतो.
वीस टक्के, असं पंपावर पाटीत लिहितात.
नाकाला पाटी लागत नाही.
चार वर्षं आणि दोन महिने मी तो चुकवला,
गुत्त्याची गल्ली सोडून, मशिदीला वळसा घालून घरी गेलो,
तर तो नोझलमधून आला, पावतीसकट,
आणि माझ्याच टेबलावर बसला.

आम्ही भंडारी. आजा माहीमच्या वाडीत माडी काढायचा,
कमरेला कोयता, पायात दोराची कडी.
दारूबंदी आली तेव्हा शिपायांनी अंगणात
त्याची सात मडकी फोडली.
मुंग्या आठ दिवस हटल्या नाहीत म्हणे.
बाप म्हणाला, पोराने पेट्रोलचं काम शिकावं,
त्यात नशा नाही.

"कळतं कसं, किती आहे ते?"
मी कपाटातून चपटी काढली.
रिकामी. शेवटची.
फेकली नाही ती याच कामासाठी,
असं मी घरी सांगितलंय.
काचेवर ब्लेडने मारलेली रेघ.
रेघेपर्यंत पाणी, वर तिच्या टाकीतलं पेट्रोल,
बूच लावलं, हलवली,
उजेडात धरून दोघं थांबलो.
बाहेर कुणी जहाजाचा पत्रा कापत होतं.

आधी सगळं गढूळ. मग सावकाश
पिवळं वर गेलं, पाणी खाली बसलं,
आणि माझ्या रेघेच्या वर
बोटभर चढलेलं.

"पाणी वाढलं?"
नाही गं. आतली दारू
पेट्रोलला सोडून पाण्याकडे गेली.
पाणी दिसलं की तिला राहवत नाही.
तू शिवडीला खाडीकाठी लावतेस ना गाडी,
अर्ध्या टाकीत रात्री जी हवा शिरते
तिच्यातलंसुद्धा ओढून घेते.
टाकी भरलेली ठेव.
नळी बदलतो, नव्या जातीचं रबर टाकतो, जाळी धुतो.
ॲव्हरेज थोडं पडणार,
त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

"म्हणजे माझी व्हॅन पिते."
पाजतात, म्हटलं. तिला कुणी विचारलं?
पुढे तीस करणार म्हणतात, पंच्याऐंशीच्याही गाड्या येतील,
त्यांच्या नळ्या जन्मतःच तयार असतील.
ही बिचारी जुन्या वळणाची.

ती गेल्यावर चपटी हातातच राहिली.
वर पेट्रोल, खाली पाणी आणि ती,
आता ओळखू न येणारी, पाण्याच्याच रंगाची.
ड्रममध्ये ओतली. दोनदा धुतली.
हात तीनदा.
रेघ तेवढी राहिली काचेवर.

मंगळवारी संध्याकाळी माझगावला आमची बैठक असते,
पहिलीच्या वर्गात, गुडघे पोटाशी घेऊन
बाकांवर बसतो आम्ही मोठाले बाप्ये
आणि आपापला आकडा सांगतो.
माझी पाळी येत होती, एवढ्यात खिशात फोन थरथरला.
नसरीनचा मेसेज:
"आज चारच उचक्या.
पोरं जरा नाराज आहेत."

मी उभा राहिलो.
नाव सांगितलं. मग आकडा.