उत्तरदाता क्रमांक सात

प्रबंधात माझं नाव नाही.
पान त्र्याण्णव, तळटीप:
'उत्तरदाता क्र. ७. पुरुष, वय ६१, माजी सीमारक्षक, स्वुबित्से.'
मुलगी म्हणाली, बाबा, नियमच आहे तसा,
ओळख झाकायची.
सबंध नोकरीभर लोकांची ओळख
उलटीपालटी करून बघितली मी;
आता आपली झाकली जातेय म्हटल्यावर
जरा बरंच वाटलं.

ओडरवरचा पूल तसा लहान.
सिगरेट पेटवावी, ती संपायच्या आत
पोलंड मागे, जर्मनी पुढे.
सोळा वर्षं मी अलीकडच्या टोकाला
शिक्का घेऊन उभा होतो.
मग एका डिसेंबरात, ऐन नाताळच्या तोंडावर,
चौकीच उठली.
शिक्का परत केला, सही केली.
अंगठ्यावरची शाई जायला जानेवारी उजाडला.

कालिना तेव्हा नऊ वर्षांची.
पुढे तिनं पलीकडच्याच विद्यापीठात
एम.ए.ला युरोप घेतला.
अख्खा.
खाटीक झिगमुंट विचारायचा,
नर्सिंग शिकलं की नर्स, वेल्डिंग शिकलं की वेल्डर.
युरोप शिकलं की काय होतं माणूस?
मी म्हणायचो, अर्धा किलो सॉसेज दे,
मलाही ठाऊक नाही.

ती झोपल्यावर तिची पुस्तकं चाळायचो.
करार, कलमं, कलमांची पोटकलमं,
आणि एक नकाशा, ज्यात आमच्या नदीवर
रेघच नव्हती.
अगं पोरी, ती रेघ मी होतो.
उणे अठरात उभी असलेली,
दोन-दोन लोकरी मोजे घातलेली रेघ.

मुलाखत स्वयंपाकघरात झाली.
बीटचं सूप उतू गेलं, तेही रेकॉर्ड झालंय.
प्रश्न अकरा: कुणाला परत पाठवल्याचं आठवतं?
म्हटलं, हजारो होते, कोण लक्षात ठेवतं.
ती नुसती गप्प बसली.
हेही शिकवत असतील तिकडे.
मग सांगितलं.
मोल्दोवाची एक बाई, मोठ्या पिवळ्या पाकिटात
पोराचा एक्स-रे.
कागदाची मुदत एका दिवसानं उलटलेली.
एका दिवसानं.
तिनं तो एक्स-रे दिव्यासमोर धरला,
बरगड्या दाखवल्या मला,
जणू तोही पासपोर्टच.
मी म्हणालो, मागे व्हा.

टाइप करताना कालिनानं कंसात लिहिलं:
(उत्तरदाता येथे थांबतो.)
थांबलो नव्हतो.
गॅस बंद करायला उठलो होतो.

पदवीनंतर पाच महिने ब्रसेल्स, उमेदवारी.
फोनवर सांगायची: सगळेच हुशार इथे,
चार-चार भाषा येणारे,
आणि सगळेच वर्षभराच्या कराराची वाट बघत
एकाच चौकात बिअर पितात.
वर्गातला ओन्द्रेई दूधसंघांची वकिली करतो,
म्हणजे जेवणं देतो साहेबांना.
फ्लोरिआना शाळेत शिकवते.
एक जण बेपत्ता आहे,
म्हणजे स्पर्धा परीक्षा देतोय.

ती परत आली.
दोन गावं, आणि दोघांत मिळून
गरम पाण्याची एकच नळी.
तिचे कागद दोन भाषांत जुळवायचे,
इकडचा इंजिनिअर तिकडच्याला काय म्हणाला
आणि त्याला काय म्हणायचं होतं,
हे तिचं काम.
झिगमुंट म्हणाला, मग प्लंबरच की.
म्हटलं, हो. पण गळायच्या आधी येणारी.

आता पुलाच्या पलीकडच्या टोकाला
पुन्हा तंबू लागलाय.
मिसरूड न फुटलेला एक पोलीस
रोज तिचं कार्ड बघतो.
ती चिडते, कलम सांगते त्याला, पोटकलमासकट.
तो ऐकून घेतो आणि कार्ड बघतो.

रविवारी मी फिरत फिरत तिथवर गेलो.
त्याचे बूट बघितले. तळवे पातळ.
आत वर्तमानपत्र घाल, असं सांगायचं होतं,
पण माझं जर्मन शिक्क्यापुरतंच:
कुठून, कुठे, किती दिवस.

तेवढंच विचारलं मग.
किती दिवस?
त्यानं खांदे उडवले.