ठेवतोय

तो हातावर येऊन बसतो तेव्हा वजन असं लागतच नाही.
हातमोज्यातून कळतात फक्त नखं,
कुणी टाचण्या लावून लगेच काढून घ्याव्यात तशी.
राखाडी अंग, आखूड चोच,
मानेवर चुलीची काजळी पुसल्यासारखा डाग.

जुने लाकूडतोडे म्हणायचे, मेलेला गडीच हा पक्षी होतो,
त्याला शिवी देऊ नये.
हिल्मा द्यायची. फिनिशमध्ये, पोटभर.
तव्यातलं सॉसेज गेलं की "चोरा, मेल्या!"
आणि पाठोपाठ पावाचा तुकडा.

पेट्रोल घेऊन येणारा रूबेन वाबानो
त्याला क्रीमध्ये विस्किजाक म्हणतो.
आमच्या तोंडी त्याचा व्हिस्की जॅक झाला.
"चांगला माणसाळवलास," मी एकदा म्हणालो तिला.
"कुणी कुणाला?" ती म्हणाली.

ऑक्टोबरात तिनं शेवटची पुल्ला भाजली,
वेणीसारखी वळलेली, वेलदोडा जरा जास्तच.
तिला घास उतरत नव्हता.
खिडकी उघडून बसली, मांडीवर घोंगडी,
आणि एकेक तुकडा त्याला देत राहिली.
तो न्यायचा, यायचा, न्यायचा.
"खातो कधी हा?" मी विचारलं.
"खात नाहीये. ठेवतोय."

मार्च. उणे एकवीस.
तळ्याकाठचा उभा वाळलेला स्प्रूस पाडून आणलेला,
तो फोडत होतो.
तिसऱ्या घावाला साल सुटली
आणि आत, थुंकीनं चिकटवलेला,
अंगठ्याच्या नखाएवढा पाव.

कुऱ्हाड खाली ठेवली.
हुंगला. आधी डिंक.
मग नुसती थंडी.
पुन्हा हुंगला.
आता खोटं कशाला बोलू, वेलदोडा होता की नाही
मला सांगता येणार नाही.

तो ओंडक्यावर बसून एका डोळ्यानं बघत होता.
त्याची मादी या दिवसांत अंड्यांवर असते,
पाठीवर बर्फ साचला तरी उठत नाही.
मी हातमोजा काढला. तळहात पुढे केला.
घेतला त्यानं. आभार वगैरे नाही,
त्याचाच तर होता.
"आणखी कुठं कुठं ठेवलंयस?"
तोवर तो झाडांत गेलेला.

अर्धी लाकडं अजून फोडायची आहेत.
हल्ली आधी साल हातानं सोलून बघतो, मग घाव.
रूबेन म्हणतो, म्हाताऱ्या, असं केलंस तर
उन्हाळा येईल.

येऊ दे.