नऊशे पन्नास बैसा

सोहारच्या हायपरमार्केटात, ब्रेडच्या रांगेच्या टोकाला,
पिवळं स्टिकर लावून ठेवलं होतं डेन्मार्क.
खोक्याला पारदर्शक खिडकी, खिडकीत एक कडं,
त्यावर साखरेच्या पांढऱ्या रेघा,
बदामाचे काप, एका बाजूला घसरलेले.
एक रियाल नऊशेवर काट मारलेली,
खाली नऊशे पन्नास बैसा.

काउंटरवरची थुरैया म्हणाली,
"बाबा, हे उद्या संपतं हं."
तिचं हिंदी माझ्यापेक्षा बरं आहे.
म्हटलं, उद्यापर्यंत राहतंय कशाला.

पहिली नऊ वर्षं मी प्रत्येक गोष्ट रुपयांत गुणायचो.
साबण गुणला, केस कापणं गुणलं,
एकदा रुक्नुद्दीनच्या मुलीच्या साखरपुड्याचे पेढे गुणले
आणि तोंडातला घास कडू झाला.
आज गुणायचं राहून गेलं.
हे ध्यानात आलं तेव्हा मी पार्किंगात होतो,
आणि उशिरासुद्धा गुणलं नाही.

केबिनचा एसी चालू ठेवला.
बाहेर ऑगस्ट, रात्रीचे साडेदहा,
समुद्राची वाफ काचेवर बसलेली,
वायपर मारला की दिवे दिसायचे, पुन्हा विरघळायचे.
मागे टाकीत पाच हजार गॅलन गोडं पाणी,
पहाटे फलजला पोचवायचं.

खोक्यावरचं अरबी वाचून काढलं.
अक्षरं लहानपणीच गिरवलेली, अर्थ बहुतेक येत नाही.
"लौज" तेवढं कळलं. बदाम.
तेवढं पुरलं.

आता सुरुवात कुठून करायची?
कडबोळ्याला निदान जोड असतो,
वळणाऱ्या बाईच्या बोटाचा ठसा असतो,
तिथे मोडतं ते.
हे मशीनने वळलेलं, कुणाचाच ठसा नाही.
स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं,
मग जिथला एक काप गळून पडला होता
तिथे अंगठा दाबला.

काय सांगू.
वरची साखर नखाएवढ्या तुकड्यांनी तडकली,
खालचे पापुद्रे एकेक करून सुटले,
सगळ्यांत आत सारण, ओलसर, दाट,
दातांच्या मागे जाऊन बसलं आणि हलेना.
खरं बोलायचं तर कडेला जरा चिवट होतं,
आणि गोड तर नको इतकं.
क्लिनिकातल्या डॉक्टरला यातलं काही कळता कामा नये.
दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा मोठा मोडला.
लोण्याचा वास केबिनभर झाला,
डिझेलचा वास पहिल्यांदाच मागे सरला.

मग का कुणास ठाऊक, अम्मीची चुंबळ आठवली.
जुन्या साडीची, पिळून वळलेली,
विहिरीवरून आली की हंडा खाली,
आणि चुंबळ ओट्यावर टाकायची.
मी पळत जाऊन उचलायचो.
चपटी झालेली असायची, मध्ये ओली,
तिच्या डोक्याची ऊब तशीच.
भोकातून एक डोळा लावून मी तिच्याकडे बघायचो,
ती मान चोळत असायची.

आणि मी इथे,
पाच हजार गॅलनच्या पुढ्यात बसून,
चुंबळच खातोय.
हसूच फुटलं. एकटाच हसलो, तोंडात घास धरून,
पापुद्रे शर्टावर उडाले.

फोन वाजला. रुक्नुद्दीन.
"कुठे राहिलास? खोपटकरने डाळ दोनदा गरम केली."
म्हटलं, राउंडअबाउटला गर्दी आहे.
समोर रिकामा रस्ता,
एक मांजर निवांत ओलांडत होतं.

दोन तुकडे उरवायचं ठरवलं होतं,
एक त्याला, एक खोपटकरला.
बोलता बोलता एकच उरला.
आता दोन माणसांत एक कसा न्यायचा,
उगाच वाईट दिसतं.

पहाटे फलजच्या वळणावर
स्टिअरिंग हाताला चिकटलं.
तसंच धरून वळवलं.