पोट जमिनीला

पंचमीला आमच्या शिराळ्यात कात्री उचलत नाहीत.
चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही,
भुईखालच्या भावाला लागतं म्हणून.
सव्वीस वर्षं शिवणकाम केलं,
वर्षातून तेवढाच एक दिवस पाठीला सुट्टी,
आणि नेमकी त्याच दिवशी ती जास्त ठणकायची.

सरकारी दवाखान्यातल्या बिल्किस मुलाणी मॅडम म्हणाल्या,
गोळ्या देते, पण आधी पालथ्या पडा.
मी म्हटलं, पालथं तर तान्हं पोर पडतं.
म्हणाल्या, मग तिथूनच सुरू करू.

तळवे खांद्याखाली.
कोपरं बरगडीला चिकटून.
बेंबी भुईवरच राहू दे.
हातानं रेटू नका, पाठीनं उचला.
नाव काय ह्याचं?
भुजंगासन.
शिराळकरणीला नाग शिकवता होय, मॅडम?

पहिले आठ दिवस हनुवटी चार बोटं उचलली.
तेवढ्यातच हुंदक्यासारखा श्वास बाहेर आला.
रडू नव्हतं ते.
मशिनवर वाकून वाकून मिटलेली छाती
गंजलेल्या कडीसारखी करकरत उघडत होती.

दवाखान्यातल्या तक्त्यावर फायदे लिहिलेत:
कणा लवचिक, खांदे मोकळे, पचन चांगलं.
एक त्यात नाही.
हनुवटी फरशीला टेकली की
मशिनच्या पायट्याखालचं दिसतं.
एक बॉबीन. सात हूक. खडूचा तुकडा.
आणि निकम वहिनींच्या नातवाच्या अंगड्याचं
चांदीचं बटण,
ज्याच्यावरून मी चार वर्षांपूर्वी भांडले होते,
तुम्ही दिलंच नव्हतं, म्हणून.

तशीच उठले. केसाला फरशीची धूळ.
वहिनी दारात.
अंगडं कधीच बोहारणीला दिलं गं, म्हणाल्या,
पोरगं शाळेत जातंय आता.
पण बटण पदराला पुसून
मुठीत धरून राहिल्या.
मग म्हणाल्या, उंच झालीस का तू?

उंच कुठली. वाकणं कमी झालं.

आता रोज पहाटे, पहिली एसटी वळायच्या आत,
सतरंजीवर पाच श्वास.
मान वर जाते तशी खिडकीत आधी गज येतात,
मग कौलं, मग चिंचेचा शेंडा.
इतकी वर्षं शेंडा तिथंच होता म्हणे.

डावीकडे अजून दुखतं,
लग्नसराईत तर जास्तच.
दुखू दे.
डोकं वर काढायला शिकलेय,
डसायचं मनात नाही.