सदुसष्ट टक्क्यांवर

वसमतच्या फोनांमधून हळद निघते.
मोंढ्याच्या रस्त्याला दुकान माझं.
काडीनं चार्जिंगचं भोक कोरतो
आणि टेबलावर पिवळी चिमूट साठत जाते.
बायको म्हणते, वर्षाची फोडणी निघेल यात.

प्रयागबाई खिल्लारेंच्या फोनातूनही निघाली.
पण दुखणं ते नव्हतं.

"रातच्याला इचारलं त्यानं, नवं टाकू का म्हणून.
मी हो म्हणलं.
सगळ्यालाच हो म्हणावं लागतंय की,
नाहीतर पुढं जाऊच देत नाही.
तवापासून चालूच होईना गेलंय."

फोन पदरात गुंडाळून आणलेला,
मान टाकलेलं कोंबडीचं पिल्लू आणावं तसा.

कंपनीचं नाव उजळायचं,
खाली एक रेघ सरकत सरकत सदुसष्टपर्यंत,
मग अंधार, थरथर, आणि पुन्हा नाव.
फाटकापर्यंत येऊन, काहीतरी विसरलं म्हणून
घरात परतणाऱ्या माणसासारखं.

बॅटरी किती होती?
"लाल होती."
आणि लाईट?
"लाईट तर गेलीच होती."

आवाज कमी करायचं बटण आणि चालू करायचं बटण
एकत्र दाबून धरलं, मनात बारापर्यंत मोजलं.
हिरवा बाहुला आला, पोट उघडं टाकून उताणा,
वर इंग्रजी यादी.
तिच्यातल्या दोन ओळी सख्ख्या जावांसारख्या
एकमेकींना खेटून:
एक अडगळ पुसते, दुसरी सगळं.
अकरा वर्षं झाली,
तिथं माझं बोट अजून दचकतं.

अडगळ पुसली.
रेघ सदुसष्टला आली. गेली.

मग लॅपटॉप, वायर, कंपनीची मूळ फाईल,
तीन जीबी, माझ्याच फोनच्या रेंजवर.
म्हटलं, ताई, वेळ लागेल. आणि नाहीच जमलं
तर सगळं पुसावं लागेल.
काय काय आहे आत?

आधी म्हणाली, काही नाही.
मग म्हणाली, "एक्केचाळीस लेकरांची वजनं हायत.
अंगणवाडीतली. कालच घेतली.
वहीत उतरवायची ऱ्हायली."
आणि मी काही बोलायच्या आत, "लिहा.

तन्वीर, अकरा तीनशे.
ढालेंची आरोही, नऊ आठशे.
जुळ्यांतला थोरला दहा, धाकटा आठ सहाशे,
नावं मला बी अजून सापडंनात,
दंडाला काळा दोरा असला की थोरला..."

बिलाच्या पाठीवर लिहीत गेलो.
ती डोळे मिटून बसलेली.
प्रत्येक नावाला तिचा उजवा हात किंचित वर जायचा,
झोळी हलायची थांबेपर्यंत तिथंच राहायचा,
मग आकडा.

सव्वादोनला लाईट गेली.
पंखा फिरत फिरत थांबला. लॅपटॉपनं दम धरला.
पलीकडच्या गिरणीचा आवाज बंद झाल्यावर
कळलं की तो इतका वेळ चालू होता.

फाईल उतरली. वायरीतून आत गेली.
रेघ सदुसष्टला आली.
थांबली.
अडुसष्ट.
आम्ही दोघंही गप्प,
अंगणात उतरलेल्या चिमणीला उडवू नये तसे.

"ॲप तयार होत आहेत. एकशे बारापैकी एक."

सगळं जागच्या जागी होतं.
तिनं फोन बघून वाचलं, मी कागदावर टिक केली.
चाळीस तंतोतंत.
एकच चुकलं. सारजा.
कागदावर सात किलो चारशे,
फोनात सात दोनशे.

प्रयागबाई बराच वेळ काचेकडे बघत राहिली.
म्हटलं, कागदावर दुरुस्त करू का?
"ऱ्हाऊ द्या तसंच," म्हणाली,
"पुढल्या महिन्यात भरून काढते."

पैसे देताना मी बजावलं,
पुन्हा विचारलं तर नाही म्हणायचं.
"नाही कुठं ऱ्हातंय त्यात?"

माझ्या फोनवर चार महिन्यांपासून आलेलंच होतं,
तेच दाखवलं.
मोठं निळं "होय".
"नाही" नव्हतंच.
कोपऱ्यात, फिकट अक्षरांत, "नंतर".
ती जवळ वाकली, दोनदा वाचलं,
आणि बोट न टेकवता
त्याच्यावरून हळूच फिरवून पाहिलं.