ओट्याची उंची

मासळी बाजार, इमारत क्रमांक अकरा,
करावे गावाच्या वळणावर.
बांधकाम पूर्ण: एकोणीसशे ब्याण्णव.
मूळ हेतू: मासळी विक्री.
सध्याचा वापर:
इथं पेन थांबतं.

ओटे चोवीस. पांढऱ्या टाइल्स, शाबूत.
उंची पंच्याहत्तर सेंटिमीटर.
टेप लावायची गरज नव्हती,
ही रेघ माझ्याच हातची,
बेलापूरच्या कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर
रॉटरिंगच्या पेनानं ओढलेली.
तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो
आणि मासळी मला फक्त ताटातली ठाऊक.
गिऱ्हाइकाला वाकायला लागू नये
एवढाच विचार केला होता.
साहेब खूश झाले होते.

बाया बाहेर बसतात.
गटाराच्या कडेला, निळ्या ताडपत्रीखाली,
थर्माकोलच्या खोक्यांमागे.
पायाखाली विळी, तिला त्या मोरली म्हणतात.
हे मला आज कळलं.

धर्मीबाई जिताड्याची खवलं काढत होती.
मान वर न करता म्हणाली,
"वर बसून मोरली दाबाची कशी?
माजा गुडघा तुजे नकाशान व्हता का?"

फॉर्ममध्ये गुडघ्याचा रकाना नाही.
वायुवीजनाचा आहे, गळतीचा आहे,
अग्निशमनाला तर दोन आहेत.

आत वास नाही.
एकदाही मासळी न पाहिलेल्या बाजाराला
कुठून येणार वास?
आत पोरं आहेत, चोवीस ओट्यांवर एकोणीस,
पोलीस भरतीची, तलाठ्याची, बँकेची.
कुणाच्या तरी लग्नातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या,
ओट्यावर वही, वर माझ्या ट्यूबलाइट.
पंच्याहत्तर सेंटिमीटर
ही टेबलाची उंची असते.
आणि टोपल्या ठेवायला म्हणून
ओट्याखाली मी जी पोकळी सोडली होती
तिच्यात त्यांचे गुडघे बरोब्बर मावतात.
सतरा नंबरवर धर्मीबाईची नात, समीक्षा.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही,
शेकडेवारी चालू होती.

कुणाचा तरी चहा सांडला.
तो सरळ निघाला, पन्हळीतून, जाळीपर्यंत,
कुठंही न साचता.
उतार अजून चोख आहे.
मला उगाच बरं वाटलं.

मग पुन्हा बाहेर. तिनं पाट सरकवला.
मोजला: अकरा सेंटिमीटर.
बसलो तर समोरच्या बाईचे फक्त पाय दिसले,
पिशवी दिसली, आणि मासळीचे डोळे
माझ्या डोळ्यांपासून हातभर.
"ताजी हाय," ती म्हणाली,
"वरून नाय कलत."

उठताना गुडघा वाजला.
तिनंच हात दिला, ओला, खवल्यांसकट.

निवृत्तीला चार महिने आहेत.
गाडीत बसून फॉर्म काढला,
रकाना सहा: हेतुपूर्ती, पाचपैकी गुण.
तिथं एक खवला चिकटलेला होता.
नखानं काढायला गेलो,
काढला नाही.